मदत हवी आहे: बालाटोन तलावाकाठी सायकल, सोबत निफाडचे द्राक्षवाले बाबा

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही याच वर्षी बुडापेस्टला येऊन पडलोय आणि सप्टेंबरात माझे बाबा येतायत. बाबा निफाडकडचे, अख्खी हयात द्राक्षबागेत गेली, वय 64, मळ्यात अजून सायकलनेच जातात, दारातली गाडी फक्त धुवायला. त्यांना राजवाडे-बिजवाडे दाखवायला नेलं की तासाभरात "चला आता" सुरू होतं (भाऊ त्यांना दिल्लीला घेऊन गेला होता, त्याला विचारा), म्हणून म्हटलं सरळ बालाटोनला न्यावं. तळं आहे, टेकड्या आहेत, उतारांवर द्राक्षं आहेत आणि सायकल तर त्यांची आवडतीच.

आता घोळ असा आहे की तलावाला पूर्ण वळसा घालणारा सायकलमार्ग आहे, ब्रिंगाक्योर म्हणतात, साधारण 200 किमी, आणि नवरा म्हणतो करायचा तर पूर्ण करायचा, अर्धवट कशाला. मला मात्र नकाशात उत्तर काठावरचा बादाचोनीचा कोपराच खुणावतोय, त्या सगळ्या विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत म्हणे. तर पूर्ण वळसा की एकच कोपरा? चढ कितपत आहेत, बाबांचा उजवा गुडघा अधूनमधून बोलतो. सायकली ट्रेनमध्ये घेतात का? आणि खाण्याचं काय, बाबा माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. वाईनचा तर प्रश्नच नाही, पण वेली त्यांना हात लावून बघायच्यात, फोनवर आत्तापासून विचारतायत की तिकडे मांडव कसला असतो.

कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज. हॉटेलांच्या जाहिराती नकोत.

डबलसीट
ताई, पूर्ण वळसा करू नका. मी केलाय म्हणून सांगतो. दक्षिण काठ एकदम सपाट आहे, गुडघ्याला काही त्रास नाही, पण बराचसा रस्ता बंगल्यांच्या कुंपणामागून आणि बोरूसारख्या गवताच्या आडून जातो, तळं आहे आहे म्हणत जायचं आणि दिसतं मधूनच. पोहायला मात्र तिकडेच बरं, लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी (अख्ख्या तलावाची सरासरी खोलीच तीन मीटरच्या जरा वर आहे, लांबी मात्र 77 किमी). तुमचा माल सगळा उत्तरेला आहे.

ट्रेनचं सोपं आहे. बुडापेस्टच्या देली स्टेशनवरून उत्तर काठाने बालाटोनफ्युरेद, बादाचोनी, तापोल्त्सा अशी लाईन जाते. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि सायकलच्या जागा मोजक्याच, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ टाळा. लाईन काठालगतच असल्याने बाबा दमले की पुढचं स्टेशन गाठायचं आणि बसायचं गाडीत, हा त्या काठाचा सगळ्यात मोठा फायदा. मुक्काम एकच ठेवा, बादाचोनी किंवा रेवफ्युलोप, आणि रोज हलक्या सायकलीने निघा. बॅगा लादून रोज नवं गाव गाठायचं हे 64 व्या वर्षी कशाला?

खडकू
+1 डबलसीट. थोडं दगडांबद्दल, कारण बाबांना हे नक्की आवडेल.

आधी एक गैरसमज दूर करतो, बालाटोन हे ज्वालामुखीच्या मुखातलं तळं नाहीये. टेकड्या ज्वालामुखीच्या, तळं त्यांच्यापेक्षा कितीतरी अलीकडचं. झालं असं की तिथे पूर्वी एक भलंमोठं उथळ सरोवर होतं, त्याच्या वाळू-चिखलाचे थर साचले, मग तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी त्यातून लाव्हा वर आला आणि थिजला. पुढे वाऱ्यापाण्याने आजूबाजूची मऊ वाळू वाहून नेली पण बसाल्टचं टोपण जिथे होतं तिथली वाचली. म्हणून बादाचोनी (437 मीटर) वरून सपाट दिसतो, आपल्याकडच्या किल्ल्यांसारखा. तिकडे त्यांना साक्षीदार टेकड्या म्हणतात, पूर्वी जमीन किती उंच होती त्याच्या साक्षीदार. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्यापुढे पोरगा, पण दगड हातात घेतला तर बाबा म्हणतील हा तर आमच्या विहिरीतला.

बघायचंच तर दोन ठिकाणं. एक झांकाजवळची हेग्येश्तू टेकडी. खाणवाल्यांनी तिचा अर्धा भाग कापून नेला, त्यामुळे आतले बसाल्टचे उभे खांब उघडे पडलेत, अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर कल्पना येईल. वर जायला चढ आहे, शेवटी सायकल हातात धरून चाला, लाज वाटून घेऊ नका. वरून एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला काली खोरं. दुसरी सेंट ग्योर्गी टेकडी, तिथेही तसेच खांब आहेत आणि त्यांच्या पायथ्यापासून खाली थेट द्राक्षबागा. ऊन खाऊन तापलेला काळा दगड आणि खाली तळ्याची चकाकी, दोन्हीकडून वेलीला ऊब मिळते, हे तिथले बागवाले अभिमानाने सांगतात.

तिहानी द्वीपकल्पावर गेलात तर तिथलं आतलं छोटं तळं मात्र खरोखर जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यातलं आहे. वर 1055 सालचा मठ आहे, पण ते "चला आता" मध्ये जाईल, ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्नकर्ती
बापरे, एवढं सगळं! नवऱ्याला वाचायला दिलंय, तोंड पाडून बसलाय. काली खोरं सायकलने जमेल का पण, नकाशात तर ते तळ्यापासून आत दिसतंय.

डबलसीट
जमेल की. रेवफ्युलोपहून कोवागोर्श, कोवेशकाल, सेंटबेककाला असं करत केककूतवरून परत, तीसेक किमी होतील. सुरुवातीला तळ्याकडून आत शिरताना थोडा चढ, मग खोऱ्यात नुसतं वरखाली. सायकलचा वेगळा ट्रॅक सगळीकडे नाही, गावचे साधे रस्ते आहेत, गाड्या कमी असतात पण असतात, बाबांना चमकदार जॅकेट घाला. केककूतला सार्वजनिक झरा आहे, खनिज पाण्याचा, बाटल्या तिथे भरा, बुडबुडेवालं पाणी आहे, बाबांना सोडा वाटेल. गुडघ्याची फारच धास्ती असेल तर त्यांच्यापुरती भाड्याने ई-बाईक घ्या, पण त्यांना ते आवडेल का हा वेगळा प्रश्न.

प्रश्नकर्ती
ई-बाईक म्हटलं तर म्हणाले "मग लुना काय वाईट होती".

घडवाला
मी पिंपळगावचा, सध्या शिकायला ऑस्ट्रियात आहे, बालाटोनला दोनदा गेलो ते बागा बघायलाच. काकांसाठी लिहितोय.

काका, मांडव विसरा, तिकडे वाईनची द्राक्षं, तारांवर उभ्या ओळी, कमरेच्या आसपास घड. थॉमसनसारखा लांब मणी नाही, बारीक, जाड सालीचा, बिया असलेला, विरळणी करून मणी फुगवायची भानगडच नाही कारण खायला विकायचेच नाहीत. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या शेवटी वेल झोपलेली असताना. आपल्यासारखी एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी असा दोन छाटण्यांचा खेळ तिकडे नाही, थंडीच वेलीला झोपवते. आपल्याकडे वेलीला झोपच लागत नाही म्हणून ते सगळं कात्रीने करावं लागतं. सप्टेंबरात जाताय म्हणजे तोडणी चालू असेल, एकदम बरोबर वेळ. ओलासरिझलिंग नावाची वाईनच्या द्राक्षाची जात सगळीकडे दिसेल.

पण तुम्ही बादाचोनीत केकन्येलू नावाची जात विचारून बघाच. तिचा देठ निळसर असतो, आणि मजा म्हणजे तिची फुलं कामापुरती नुसती मादीच, स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. त्यामुळे जुने लोक तिच्या शेजारी बुदाई झोल्ड नावाची दुसरी जात लावायचे, आता दोघींच्या संकरातून निघालेली रोझाको पण लावतात. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस लागला की घड विरळ, उत्पन्न बोंबललं. तरीही लोक लावतात, कारण भाव मिळतो. शेतकरी सगळीकडे सारखाच.

खुंट (ज्याच्या मुळांवर कलम करतात तो) मात्र तिकडेही असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फायलोक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम. आपण डॉगरिज खुंट लावतो ते खारट पाणी आणि पाण्याच्या ताणासाठी, त्यांचं कारण कीड.

बागेत घुसताना आधी माणूस शोधा, हात करा, मग आत जा. ओळीच्या टोकाला उभं राहून बोटाने वेल दाखवली आणि "इंडिया, मी पण" अशी खूण केली तरी लोक खुलतात, मला एका आजोबांनी कात्री हातात देऊन घड तोडायला लावले होते. न विचारता मणी तोंडात टाकू नका, फवारणीचा भरवसा नाही.

पुरणपोळी
खाण्याचं मी सांगते, आम्ही शाकाहारी कुटुंब गेलो होतो. लांगोश मिळतो काठाकाठाने, तळलेला, भटुऱ्याच्या जवळपासचा, वर लसूण, आंबट साय, किसलेलं चीज. फक्त तळण तेलातलं आहे की डुकराच्या चरबीतलं ते प्रत्येक गाड्यावर विचारा, आणि पीठ मळताना अंडं घातलंय का तेही. पोगाचा नावाची खारी बिस्किटासारखी छोटी पावं दिसतील, त्यांच्यात चरबीचे कुरकुरीत तुकडे घातलेला प्रकार असतो आणि वरून कळत नाही, बाबांना देऊच नका. भाजीचं सूप म्हणजे मांसाच्या पाण्यातलं असू शकतं. खरं सांगू का, मुक्कामाच्या जागी स्वयंपाकघर घ्या, सकाळी दशम्या करून डब्यात न्या, सोबत लोणचं. भाकरीचं पीठ बाबा निफाडहून आणतीलच.

जाता जाता बालाटोनफ्युरेदला उतरा अर्धा तास. 1926 मध्ये रवींद्रनाथ टागोर तिथे हृदयाच्या उपचारासाठी राहिले होते आणि त्यांनी झाड लावलं होतं, तळ्याकाठच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. आणि केस्टहेयपर्यंत पोचलात तर तिथून जवळच हेविझचं गरम पाण्याचं तळं, त्यात भारतातून आणलेली लाल कमळं फुलतात. गुडघ्यालाही शेक मिळेल.

खडकू
एक राहिलं. तळ्याभोवती वादळाच्या इशाऱ्याचे दिवे असतात. मिनिटाला 45 वेळा लुकलुकला तर पहिला इशारा, 90 वेळा तर दुसरा, म्हणजे पाण्यात कुणीच उतरायचं नाही. तुम्ही सायकलवर असाल तरी दुसरा दिसला की आडोसा बघा, तिथला वारा तासाभरात चढतो. आणि नवऱ्याला सांगा, वायनरीत घोट घेऊन नंतर भाड्याची कार चालवायचा बेत असेल तर विसर, हंगेरीत ड्रायव्हरला थेंबभरही चालत नाही.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना व्हॉट्सअॅप कॉलवर सगळं वाचून दाखवलं. ठरलं मग, रेवफ्युलोपला मुक्काम, एक दिवस काली खोरं, एक दिवस बादाचोनी आणि सेंट ग्योर्गी, हेविझ ट्रेनने केस्टहेयपर्यंत जाऊन. नवऱ्याला एक दिवस एकट्याने दक्षिण काठ करायची परवानगी दिलीये, संध्याकाळी फोन्योदहून बोटीने परत ये म्हटलं.

घडवाला, बाबांचा तुमच्यासाठी प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहिते: "त्या मादीच्या ओळी किती आणि शेजारच्या जातीच्या किती, एकाड एक का दोनाड एक? आणि डावणी येती का तिकडं?"

घडवाला
काकांना नमस्कार सांगा. डावणी येते, भुरी पण येते, दोन्ही रोग अमेरिकेतूनच युरोपात गेलेत. ओळींचं प्रमाण बागेबागेत वेगळं दिसलं मला, ते त्यांनी तिथल्या बागवाल्यालाच विचारावं. आणि मलाही कळवा.