विजयदुर्गच्या फॉरवर्डवरून

बी-२०३: ए-४०१ काका, सकाळचा फॉरवर्ड कृपया काढा. "इंग्रजांनी विजयदुर्गला मराठ्यांचं आरमार जाळलं" म्हणे! इंग्रजांना बोलावलं कुणी?

ए-४०१: मला आलं ते मी पुढे पाठवलं. पानिपतावरून इथे काय झालं होतं ते विसरलात वाटतं.

बी-२०३: मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनीच मुंबईकर इंग्रजांशी तह केला, आपल्याच आरमाराचे सरखेल (प्रमुख) तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग गेला. तह कुणी केला?

सी-१०२: तुळाजीही काही साधे नव्हते हो. पेशव्यांना जुमानत नव्हते. राज्य चालवणाऱ्याने किती सहन करायचं?

बी-२०३: तह कुणी केला?

ए-३०४ ताई: मूळ दुखणं त्याआधीचं आहे. १७२९ ला कान्होजी आंग्रे गेले, मग त्यांचे मुलगे एकमेकांच्या जिवावर उठले. बाजीरावांनी मानाजीला कुलाबा दिला आणि संभाजीकडे विजयदुर्ग ठेवला. आरमार तिथेच दुभंगलं.

डी-५: वाटणीवरून आठवलं, माझ्या जागेत लाल गाडी कुणाची?? 😡

सेक्रेटरी: पार्किंगचं पर्सनलवर प्लीज 🙏

ए-३०४ ताई: फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गासमोर इंग्रज अॅडमिरल वॉटसनची जहाजं, जमिनीवर पेशव्यांची फौज. आंग्र्यांच्या गुराबा (लढाऊ जहाजं) किल्ल्यालगत एकमेकींना खेटून उभ्या. गोळा पडला 'रिस्टोरेशन'वर. आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच धरलेलं जहाज ते! ते पेटलं आणि त्याच्या आगीत बाकीचं सगळं आरमार गेलं. कान्होजींपासून जमवलेलं, एका दिवसात. मला अजून वाचवत नाही.

सी-१०२: आणि सरखेल तुळाजी कुठे होते? किल्ल्यात नव्हतेच ना?

ए-३०४ ताई: पेशव्यांच्या छावणीत, बोलणी करायला गेलेले. तिथेच अडकले. पुढचं आयुष्य कैदेत गेलं हो त्यांचं.

डी-५: एमएच-०४ आहे, लाल. कुणीतरी बोला.

सी-१०२: बरं, पेशव्यांना काय मिळालं मग?

बी-२०३: लुटीतला छदामही नाही. सुमारे १० लाखांची लूट, वाटे इंग्रजांनी मुंबईतच आपापसात ठरवून ठेवलेले. किल्लासुद्धा सोडेनात. ऑक्टोबरमध्ये बाणकोट आणि वर १० गावं त्यांच्या पदरात टाकली तेव्हा विजयदुर्ग हाती आला. तोवर क्लाइव्ह आणि वॉटसन बंगालच्या वाटेला लागलेले. पुढच्या वर्षी प्लासी.

सी-१०२: ते १७५५ मध्ये कुणाला दिसणार होतं? उगाच आज बसून न्याय करायचा.

बी-२०३: समुद्रावर आपलं दुसरं होतं कोण? तह कुणी केला, एवढंच विचारतोय.

सेक्रेटरी: दोघांनाही विनंती, आवाज खाली. सहलीची यादी आज बंद करायची आहे.

ए-४०१: फॉरवर्ड काढला. ताई, तुमचं लिहिलेलं गावच्या ग्रुपवर टाकू का?

ए-३०४ ताई: टाका की.

बी-२०३: टाका, पण तहाचं वगळू नका.