फ्लोरिडात १४ फुटी बोटीतून गेटर : गळ, हार्पून, बँगस्टिक यांचा क्रम?

तळेकाठी
लेक किसिमीवर गेटरच्या (अ‍ॅलिगेटर, अमेरिकी मगर) शिकारीचा परमिट लागला आहे. ऑगस्टअखेरचा आठवडा, दोन टॅग, म्हणजे दोन गेटर. आम्ही तिघे मित्र. परमिट माझ्या नावावर, बाकी दोघांकडे एजंट (मदतनीस) लायसन्स. बोट १४ फुटी, सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची जॉन बोट. मासेमारी चांगली येते, पण गेटरचा अनुभव शून्य. कशानंतर काय करायचं? आणि सात-आठ फुटी गेटर या बोटीत घ्यावा का?

गळकरी
आधी दुरून गळ, मग जवळून हार्पून, बँगस्टिक (टोकाला काडतूस असलेली काठी, टेकवून दाबली की ते उडतं) सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. मोकळ्या गेटरवर बँगस्टिक वापरायला कायद्याने बंदी आहे; तो आधी तुमच्या दोराला अडकलेला हवा. बंदूक चालतच नाही, आणि गळाला आमिष लावायलाही मनाई आहे.

हेडलॅम्प डोळ्यांच्या उंचीवर ठेवलात की अंधारात गेटरचे डोळे लाल चमकतात. नाकपुड्यांपासून डोळ्यांपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट लांबी. आठ इंच दिसले तर आठ फुटी. टॅग दोनच आहेत, त्यामुळे गळ टाकायच्या आधी हे माप नीट घ्या.

मोठं इंजिन लांबच बंद करा आणि ट्रोलिंग मोटरवर (छोटी, आवाज न करणारी विजेची मोटर) जा. जाड रॉड, किमान ८० पौंडी ब्रेडेड लाइन, वजनदार तीन तोंडांचा गळ. गेटर बुडाला तर बुडबुडे कुठे चाललेत ते बघा, त्यांच्या पलीकडे गळ टाका, तळाला जाऊ द्या आणि सावकाश ओढत आणा. जड लागलं की जोरात झटका. बुडालेला ओंडकाही असाच लागतो, पण तो जागचा हलत नाही.

गळ बसला की गेटरला बोटीकडे ओढायची घाई नको. लाइन ताणलेली ठेवा, त्याला बोट ओढू द्या, आणि हळूहळू बोटच त्याच्या डोक्यावर न्या. तो तळाशी गप्प बसेल, बराच वेळ बसेल. ताण सोडू नका. वर आला की लगेच हार्पून. नेम मानेच्या बाजूला, कवटीच्या मागे, जिथे कातडं मऊ असतं. पाठीवर हाडांच्या चकत्या असतात, तिथे टोक घसरतं. हार्पूनचं टोक दांड्यातून सुटून कातड्यात अडकून राहतं. त्याला स्टीलची केबल, पुढे २५-३० फूट दोर आणि शेवटाला फ्लोट हवा. दुसरा दोर बसेपर्यंत गेटर तुमचा नाही. एकटा गळ शेवटच्या क्षणी सुटतो, कारण गेटर अंगाभोवती गिरक्या घेतो आणि गळाची जखम रुंदावते.

दोरखंड
वरच्यात दोराची भर घालतो, कारण छोट्या बोटीत इजा बहुतेक दोरानेच होते. हार्पूनचा दोर बादलीत वेटोळं घालून ठेवा, पायाखाली कधीच नाही. हाताला गुंडाळायचा तर प्रश्नच येत नाही. गेटर अडकल्यावर इंजिन बंद करून प्रॉपेलर वर उचला, नाहीतर दोर त्यात गेलाच म्हणून समजा.

जागा आधीच ठरवा. एक जण पुढे दोरावर, दुसरा मधे दिवा घेऊन, तिसरा मागे बसलेला. गेटर वर आला की तिघंही बघायला एका काठाशी झुकतात आणि १४ फुटी बोट तिथेच पाणी घेते. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नाही.

पाणवठा
बँगस्टिकबद्दल. काडतुसाच्या प्रायमरभोवती नेलपॉलिश लावा, म्हणजे पाणी शिरत नाही. सेफ्टी पिन शेवटपर्यंत आत. जागा : कवटीच्या मागे बरोबर मध्यावर, तोंड पुढे मेंदूकडे. टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून दाबा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. वरून कपाळावर मारलेली गोळी हाडावरून घसरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेटर निपचित पडला म्हणजे मेला, असं धरू नका. नुसता बधिर झालेला गेटर बोटीत शुद्धीवर येऊ शकतो. तो पाण्यात असतानाच जबडा बंद करून इलेक्ट्रिकल टेपचे बरेच फेरे द्या. मग कवटीच्या लगेच मागे सुरीने मज्जारज्जू तोडा आणि त्या छिद्रातून स्टीलची सळई पुढे मेंदूत घालून फिरवा. त्यानंतरच आत घ्या. शेपटी तरीही हलेल, म्हणून तिच्या बाजूला कुणी उभं राहू नये.

गेटर मारल्याबरोबर टॅग लावा, शेपटीच्या टोकापासून सहा इंचांच्या आत. नोंद २४ तासांत.

तळेकाठी
आभार. बोटीत घ्यायचं काय? आणि तिथून पुढे मांसाचं?

दोरखंड
मागच्या फळीवर क्षमतेची पट्टी असते, ती वाचा. आठ फुटी गेटर दीडशे पौंडांच्या आसपास. तीन माणसं, इंजिन, बर्फ मिळून आकडा ओलांडत असेल तर एकाला आधी काठावर सोडा. गेटर बोटीच्या बाजूला बांधून न्यायचा तर फक्त थोडं अंतर, अगदी सावकाश.

गळकरी
ऑगस्टच्या उकाड्यात मांस आणि कातडं दोन्ही झपाट्याने खराब होतं. बर्फ निघतानाच भरपूर घ्या, आणि गेटरवर ओली गोणपाटं टाका. शेपटीचं आणि जबड्याचं मांस उत्तम. पिवळट चरबी मात्र पूर्ण काढा, तिचा उग्र वास रश्श्यातही जात नाही. कातडं ठेवणार असाल तर पोटाच्या बाजूला सुरी लावू नका, किंमत पोटाचीच असते. मीठ बारीक वापरा, कडांना आणि पायांच्या घड्यांत नीट चोळा. टॅग कातड्यावरच राहू द्या.