डेंग्यूमुळे दोन पेपर चुकले, पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरू की आधी अर्ज देऊ?

चोडणची आई

नमस्कार. माझी लेक पणजीच्या एका कॉलेजात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिस्टरचे दोन पेपर नीट झाले. तिसऱ्याच्या आदल्या रात्री ताप १०३ वर गेला. पहाटे फेरीबोटीने रायबंदरला उतरलो ते थेट गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. डेंग्यू निघाला, प्लेटलेट ४२ हजार. पाच दिवस ॲडमिट होती, त्यात अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स दोन्ही गेले. सलाईनच्या हातानं ती बॅलन्स शीट चाळत होती, मीच वही काढून घेतली.

काल कॉलेजात गेले. खिडकीतून सांगितलं, "सप्लिमेंटरीचा फॉर्म भरा, नापास झालेल्यांबरोबरच बसायचं, दुसरं काही नसतं." लेकीनं ऐकलं आणि तेव्हापासून ती धड जेवलेली नाही. आजारपणात चुकलेला पेपर आणि नापास झालेला पेपर एकच धरतात का? फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते.

डिचोलीचा विद्यार्थी

ताई, मला कावीळ झाली होती तेव्हा मी गुपचूप फॉर्म भरला, पासही झालो. पुढे एका ठिकाणी प्रवेश अर्जात "पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण?" असा रकाना आला आणि तिथे अडकलो. सर्टिफिकेट घरी फाईलमध्ये होतं, पण कॉलेजात कधी दिलंच नव्हतं. तुम्ही ही चूक करू नका.

परीक्षा विभागातला निवृत्त

ताई, मी १९८७ पासून ३१ वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होतो. गोवा विद्यापीठ १९८५ चं, त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाकडे होती. मी लागलो तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या छापील फॉर्मांचे गठ्ठे अजून आमच्या कपाटात होते. एटीकेटी हा शब्दही तिकडूनच आला, 'अलाउड टू कीप टर्म्स', म्हणजे विषय राहिला तरी पुढचं सत्र चालू ठेवायची मुभा. ही मुभा नापासांसाठी. तुमच्या लेकीची गोष्ट वेगळी आहे, पण ती वेगळी आहे हे कागदावर कोणीतरी लिहायला हवं. आपोआप कोणी लिहीत नाही.

पेपरच्या दिवशी काय होतं ते सांगतो. अर्धा तास झाला की सुपरवायझर उपस्थिती पत्रकावर रिकाम्या सीट नंबरासमोर लाल शाईने 'गैरहजर' लिहितो आणि सही करतो. ते पत्रक मग निकालाच्या टेबलावर येतं. तिथल्या माणसाला फक्त लाल शाई दिसते. ताप होता, अपघात होता की मूल झोपून राहिलं, हे त्याला कळायचं ते अर्जावरूनच. एका मुलाचे वडील पेपरच्या पहाटे वारले. सगळ्या कॉलेजला माहीत होतं, सर अंत्ययात्रेलाही गेले होते, पण अर्ज कोणी घातला नाही. निकाल लागला तेव्हा तो साधा गैरहजर होता. तो निकाल मी स्वतः टाइप केला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून उद्याच जा. अर्ज प्राचार्यांच्या नावे लिहा. सीट नंबर, दोन्ही विषय, दोन्ही तारखा घाला. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि डेंग्यूच्या एनएस-१ तपासणीच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा, मूळ कागद हातचे सोडू नका. सर्टिफिकेटवर ॲडमिट असल्याच्या तारखा हव्यात आणि त्यात दोन्ही पेपरांचे दिवस आले पाहिजेत. नुसतं "विश्रांतीची गरज आहे" लिहिलेलं चालत नाही, ते मी किती वेळा परत पाठवलंय. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसतोय ना बघा. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्जात तीन गोष्टी विचारा: हिच्यासाठी वेगळी परीक्षा आहे का, पुरवणीला बसली तर तो पहिला प्रयत्न धरणार का, आणि आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचण्यांचे, गुण तसेच राहणार का. उत्तर विद्यापीठाच्या अध्यादेशाच्या कुठल्या कलमाने देताय तेही लेखी मागा. तोंडी "नसतं" आणि लेखी "नाही" यात फार अंतर असतं.

आणि हो, शुक्रवारच्या आत पुरवणीचा फॉर्मही भराच. अर्जाच्या भरवशावर मुदत घालवू नका. फॉर्मबरोबर अर्जाची प्रत जोडा.

ब्रिस्बेनहून, मूळ फोंडा

काकांचं पटलं. मी क्वीन्सलँड विद्यापीठात शिकते, इथे या दोन परीक्षांची नावंच वेगळी आहेत. आजारपणात पेपर चुकला तर 'डिफर्ड', त्यात १ ते ७ मधली कुठलीही श्रेणी मिळू शकते. थोड्या गुणांनी नापास झाल्यावर मिळते ती 'सप्लिमेंटरी', आणि त्यात पास झालं तर निकालावर '३एस४' असं लागतं. म्हणजे तीन होते, पुरवणीने चार झाले, हे कायम दिसतं. त्यामुळे लेकीला सांगा, पहिला प्रयत्न का दुसरा हा तिचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडेही ही दोन नावं वेगळी व्हायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

चोडणची आई

काका, आज गेले होते. खिडकीवर आधी अर्ज घेईनात, "फॉर्म भरलात ना, मग कशाला?" म्हणाले. मी तिथेच उभी राहिले आणि शिक्का मागितला. शेवटी आतून एक बाई आल्या, त्यांनी डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा टाइमटेबलशी जुळवून पाहिल्या आणि स्वतः रजिस्टर उघडलं. आवक क्रमांक मिळालाय, फॉर्मही भरला. प्राचार्य सोमवारी लेखी उत्तर देणार आहेत. लेकीला शिक्क्याची प्रत दाखवली, तिनं ती अकाउंट्सच्या वहीत ठेवली. रात्री पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर मागून खाल्ली.