जिल्हा परिषद शाळांची तुलना गावासमोर मांडावी का?

पालक, सेलू :
शेजारच्या दोन गावांतील जिल्हा परिषद शाळांपैकी कोणत्या शाळेतील मुले खरोखर वाचायला शिकली, हे आम्हा पालकांना पारावरच्या बोलण्यातूनच कळते. पट, खोल्या, स्वच्छतागृहे आणि शिक्षकसंख्या यांची नोंद यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात दरवर्षी होते. पण तिसरीतील मूल साधा उतारा वाचते का, हे गावाला कोणीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक शाळेचे वाचन व गणिताचे निकाल, तालुक्यातील इतर शाळांशी तुलना करून, शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षिका, धारूर तालुका :
मी याच्याशी सहमत नाही. दसरा झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांना तिचा आधारही होतो. परंतु धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी फडावर नेलेली चौथीतील मुलगी त्या योजनेत येतच नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषानुसार 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. अशा शाळेचा निकाल बाजारपेठेच्या गावातील शाळेशेजारी लावला, तर वाचणाऱ्याला शिक्षकाचे काम दिसणार नाही, फक्त गावाचे दारिद्र्य दिसेल.

पालक, सेलू :
बाईंचे कारण मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासले जाते, पण तिचे निष्कर्ष जिल्ह्यापाशी थांबतात. माझ्या गावची शाळा त्यांत मला सापडत नाही. आकडा झाकून ठेवला, तर फडावर गेलेल्या त्या मुलीचे वर्ष बुडाले हेही झाकलेच राहील आणि वसतिगृह वेळेवर का सुरू झाले नाही, हे विचारायला ग्रामसभेच्या हाती काहीच उरणार नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख (केंद्र म्हणजे जवळच्या शाळांचा गट), औसा :
आमच्याकडे तुलना म्हटली की बारावीच्या निकालांसाठी नावाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव निघते. त्या शिक्षकांच्या परिश्रमांबद्दल मला आदर आहे. मात्र बारावीच्या त्या निकालांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली, आधीच चांगले गुण मिळवलेली मुलेही असतात, त्यामुळे त्यांवरून खेड्यातील पहिलीचा वर्ग तोलणे चूक आहे. मूल जूनमध्ये कोठे होते आणि एप्रिलमध्ये कोठे पोहोचले, एवढेच मोजावे, आणि चाचणी शेजारच्या केंद्रातील शिक्षकांनी घ्यावी. आपल्याच वर्गाची चाचणी आपणच घेताना भला शिक्षकही नकळत उत्तर सुचवतो, हे मी तपासणीत अनेकदा पाहिले आहे.

शिक्षिका, धारूर तालुका :
जून-एप्रिलची तुलना मला मान्य आहे, भिंतीवर लावायलाही माझी हरकत नाही. परंतु स्थलांतरित मुलांची ओळ त्यात वेगळी हवी, आणि जूनमध्ये पटावर असलेले प्रत्येक नाव एप्रिलच्या यादीत, गैरहजर म्हणून का होईना, असलेच पाहिजे. निकाल चांगला दिसावा म्हणून एखाद्या शाळेने फडावरच्या मुलांची नावे चाचणीआधी कमी केली, तर ते कोण तपासणार, एवढे केंद्रप्रमुख साहेबांनी सांगावे.