सव्वाचार वर्षांचा मुलगा स्वतःला चावतो, रात्री जागतो. ऑटिझममुळेच की वेगळं काही? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. अंगणवाडीत आरबीएसकेचं (मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक तपासायला आलं तेव्हा पहिल्यांदा शंका आली, पुढे ऑटिझमचं निदान झालं. लेकरू बोलत नाही. पाणी पाहिजे असलं की हात धरून माठापाशी नेतो. तसं आमचं नीट चाललं होतं.

दिवाळीनंतर बिनसलं. रात्री 2 वाजता उठला की उजाडेपर्यंत जागा. उजवं मनगट चावतो, दर वेळी तीच जागा, आता तिथं घट्टा पडलाय. बाजूच्या वावरात तुरीवर फवारणीचा पंप सुरू झाला की माझ्या पदरात तोंड खुपसतो. डॉक्टर म्हणाले, "ऑटिझममध्ये असं राहतेच." मला नाही पटलं. ऑटिझम तर दिवाळीआधीही होता.

एका शिक्षिकेनं एसडीक्यूचा फॉर्म दिला, मुलाचं वागणं, भीती, मैत्री यांबद्दल विचारणारा. 25 प्रश्न, मागच्या 6 महिन्यांबद्दल. डोकं किंवा पोट दुखत असल्याची तक्रार करतो का, या प्रश्नावर मी अडले. बोलतच नाही तो, तक्रार कशी करणार? 'नाही' लिहिलं तर कागदावर त्याचं पोट कधीच दुखत नाही. एकटा खेळतो का, मित्र आहे का, इथले अडचणीचे गुण तर ऑटिझमनंच वाढणार. मग एकूण आकड्यावरून त्याची भीती कशी कळायची?

सासूबाईंनी एक हेरलं, शौचाला झालं नाही त्या दिवशी चावणं जास्त. तेव्हापासून कॅलेंडरवर खुणा करते. 11 दिवसांत 5 दिवस चावला, त्यातले 4 दिवस पोट साफ नव्हतं. पण दिवाळीनंतरच मी कापूस वेचायला जायला लागले, तो झोपेत असतानाच निघते. त्याचंही भय बसलं असेल का? आधी कोणाला दाखवू, पोटाच्या डॉक्टरांना की मानसोपचारवाल्यांना?

उत्तर: ताई, मी विशेष मुलांना शिकवते. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. पोट, कान, दात तिन्ही बघायला सांगा. बद्धकोष्ठता किंवा किडका दात असला तर न बोलणारं मूल असंच सांगतं. कॅलेंडर आणि चावतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ सोबत न्या. फॉर्म म्हणजे चाळणी, त्यावरून निदान होत नाही. अडलेल्या प्रश्नाशेजारी दिसतं ते लिहा: पोट दाबतो, कान धरतो, पाय पोटाशी घेतो. मित्रांचे गुण बाजूला ठेवून भीती-काळजीचे वेगळे बघा. शिक्षकांसाठीही वेगळा फॉर्म असतो, तो अंगणवाडी सेविकेकडून भरून घ्या. पोट ठीक झाल्यावरही झोप आणि भीती तशीच राहिली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं सरकारी केंद्र) दाखवा. आरबीएसकेचं पथकच तिथं पाठवतं. आणि सकाळी त्याला उठवून, भेटूनच निघत जा. रडला तरी.

ताई, मनापासून आभार. आज उठवून, विळा-पोतं दाखवून निघाले. रडला खूप. पण दुपारी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दारातच बसून होता, मनगटाला तोंड लावलं नाही. परवा वेचणी बंद आहे, त्या दिवशी डॉक्टरांकडे नेते.