मदत हवी आहे: रशियन क्रियापदांच्या जोड्या, नकारार्थी आज्ञेत कुठलं रूप?

देवगडला असतो, रशियन घरीच शिकतोय. लिपी झाली, सहा विभक्त्याही बऱ्यापैकी बसल्यात, आपल्याकडे विभक्ती आणि तीन लिंगं आहेतच त्यामुळे तिथे फार अडलं नाही. अडलंय ते क्रियापदांच्या जोड्यांवर, म्हणजे पिसात् आणि नपिसात् (दोन्ही 'लिहिणे'च), पहिलं अपूर्ण रूप, चालू किंवा नेहमीच्या क्रियेला, दुसरं पूर्ण रूप, पूर्ण झालेल्या. भूतकाळात 'लिहीत होतो' आणि 'लिहून टाकलं' असा फरक धरून बरंचसं जमतं, नचात् म्हणजे सुरू करणे, त्याच्यामागे कायम अपूर्ण रूपच येतं हेही पाठ आहे. पण नकारार्थी आज्ञेत सगळं कोलमडतं. 'उघडू नको'ला अपूर्ण, न्ये अत्क्रिवाय, आणि 'बघ हां, पडशील' म्हणताना पूर्ण, न्ये उपदी, असं का?

जोड्यांची कार्डं केली, ॲपवरचे धडे केले, पण ॲप नुसतं चूक-बरोबर सांगतं, कारण सांगत नाही आणि मला कारणच हवंय. पुण्या-मुंबईला क्लासला येणं शक्य नाही, पावसात इथे नेट जातं म्हणून ऑनलाइन क्लासही नको, छापील पुस्तक किंवा पीडीएफ चालेल, इंग्रजीतलं असलं तरी, फक्त मागे उत्तरं हवीत.

तर यात पूर्ण रूप नेमकं कधी, फक्त सावध करताना की अजूनही कुठे, आणि याचा भरपूर सराव कुठल्या पुस्तकात मिळेल?