जुनी ६५०: कमी पळालेली की रोज पळालेली?

मूळ प्रश्न (लातूर): जुनी कावासाकी निन्जा ६५० बाइक घ्यायचीय. दोन्ही गाड्या २०१८च्या. एक बंगळूरची, केए पासिंग, ६,२०० किमी. दुसरी एमएच-२० (संभाजीनगर पासिंग), २८,००० किमी, सगळी बिलं आहेत, चाळीस हजारांनी स्वस्त. सगळे पहिलीच घे म्हणायलेत.

बायपासकर: दुसरी घ्या दादा. ६,२०० म्हणजे महिन्याला शंभरही नाही, गाडी उभीच होती. टायरच्या कडेवर डीओटी नावाच्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा, टायर कधी बनला ते कळतं. १२१८ असेल तर २०१८चा बारावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. पहिल्या पावसात मागचं चाक सटकतं. पुढच्या १२०/७० आणि मागच्या १६०/६० टायरची चांगली जोडी पंचवीस-तीस हजारांच्या घरात. टाकीत मोबाइलचा टॉर्च मारा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, आत गंज धरला की पंपाची जाळी चोंदते. ब्रेक ऑइल, कूलंट, फोर्क सील (पुढच्या शॉकअपचं ऑइल अडवणारं रबर) वेगळंच.

शिमवाला: ही सगळी वरची कामं, दोन दिवसांत उरकतात. २८ हजारवालीचा व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि कॅममधला गॅप) कुणी मोजलाय का, ते बिलात दाखवा. या इंजिनात शिम (गॅप जुळवायच्या बारीक चकत्या) व्हॉल्व्हवरच्या टोपीखाली, म्हणजे बकेटखाली असतात, बदलायच्या तर कॅमशाफ्ट उतरवावे लागतात. म्हणून गल्लीतला मेकॅनिक “आवाज नाही ना, मग चांगलंय” म्हणून मोकळा. अहो, गॅप कमी झाला की आवाज येतच नाही! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. नुसतं “सर्व्हिस केली” लिहिलेल्या बिलाचा अर्थ ऑइल बदललं, बस्स.

बायपासकर: मान्य. मग ते काम भावातून वळतं करा. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या टोकाला धरून ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट गेला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावा. केएवालीलाही लावा बरं. डिस्क झिजलेली आणि मीटर ६,२०० असेल तर मीटरच खोटं.

आरटीओचे हेलपाटे: केएवालीला तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, मग इथं मालकी बदलायचे फॉर्म २९-३०, वर महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा. तिकडचा परत मागता येतो, फेऱ्या मारायची तयारी ठेवा. कुठलीही घ्या, इंजिन थंड असतानाच बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. नंतर दुपारच्या उन्हात जागेवर चालू ठेवा. फॅन लागला पाहिजे आणि तापमान खाली आलं पाहिजे. रेडिएटरच्या पापुद्र्यांत आपली काळी माती थापलेली असली तर येत नाही.

शिमवाला: एवढं तरी दोघांनाही मान्य व्हावं: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्रेमवरचा स्टॉपर (हँडल जिथं अडतं तो) बघा. चेपलेला असला तर गाडी जोरात आदळलीय. मग किलोमीटर किती, हे विचारूच नका.